जुळवून कोणी घ्यायचे : पाहुण्याने की घराने?

आपल्या शहरांतील काही घरांत अधूनमधून परदेशी विद्यार्थी मुक्कामाला येतात. रोटरीसारख्या संस्थांच्या विद्यार्थी-विनिमय योजनेतून ही पंधरा ते एकोणीस वर्षांची मुले येतात, शाळेचे एक वर्ष इथे काढतात आणि त्या वर्षात सहसा एकाहून अधिक कुटुंबांत राहतात. आपल्याकडची मुलेही त्याच वाटेने बाहेर जातात. निघण्यापूर्वी त्यांना पुष्कळ उपदेश केला जातो. ताटात पडेल ते खावे, घराचे नियम पाळावेत, खोलीत दार लावून बसू नये, रोज घरी फोन करून रडू नये, असा तो उपदेश असतो. त्यात चूक काही नाही. तथापि हा सारा उपदेश येणाऱ्याला असतो. ज्या घरात तो येणार, त्या घराने स्वतःत काय बदल करावा, हे सहसा कोणी सांगत नाही. घर जणू पूर्ण झालेले आहे आणि पाहुण्याने फक्त त्याच्या मापाने स्वतःला कापून घ्यायचे आहे, असे आपण गृहीत धरतो.

हा विषय सुखवस्तू मध्यमवर्गाचा आहे, आपल्या साप्ताहिकाच्या पानावर तो कशाला, असे काही साथींना वाटेल. माझे मत वेगळे आहे. परक्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या पंगतीत आणि आपल्या छपराखाली जागा देणे, हा प्रश्न या देशात कधीच केवळ आदरातिथ्याचा नव्हता. तो जातीचा, धर्माचा आणि दारिद्र्याचा प्रश्न होता व आहे. आणि कोल्हापूरइतका त्या प्रश्नाचा स्पष्ट इतिहास दुसऱ्या कोणत्या शहराला क्वचितच असेल.

आरंभ एका मराठी विद्यार्थिनीपासून करू. आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकायात्रेची सुरुवात एका अर्थाने कोल्हापुरातच झाली. गोपाळराव जोशी येथे टपालखात्यात नोकरीला असताना १८७८ साली त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र धाडले. ते पोहोचले रॉयल वाइल्डर यांच्याकडे. कोल्हापुरातील मिशनचा पाया घालणारे हेच गृहस्थ. त्यांनी मायदेशी परतून मासिक काढले होते आणि त्या मासिकात त्यांनी हा पत्रव्यवहार छापला. त्यांच्या उत्तराचा रोख उघड होता : आधी ख्रिस्ताचा स्वीकार, मग बाकीचे. १८८० मध्ये न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने तो मजकूर वाचला. वाचून तिने थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि पुढे आपल्या घराचे दार उघडले. त्या निमंत्रणाला धर्मांतराची अट नव्हती.

आनंदीबाई निघाल्या तेव्हा इथला समाजही त्यांच्यावर उखडलेला होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भाषण करताना, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर सांगितले. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई स्वतः आल्या आणि रोझेल येथील आपल्या घरी घेऊन गेल्या. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेण्याआधीचे काही महिने आनंदीबाई त्या घरात राहिल्या. त्यांनी आपला आहार शाकाहारी ठेवला, पोशाख साडीचा ठेवला. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत.

या नात्यात दोन्ही बाजूंनी किती काम झाले असेल याचा विचार करावा. एकीकडे आयुष्यात कधी खुर्चीवर बसून परधर्मीयांच्या शेजारी न जेवलेली मुलगी. दुसरीकडे हिंदू स्त्री कधी डोळ्यांनीही न पाहिलेले एक ख्रिस्ती कुटुंब. मुलीने भाषा, थंडी, रीतिरिवाज शिकून घेतले. पण त्या घरानेही काही कमी शिकले नाही. मांस न खाणारे माणूस टेबलाशी बसते तेव्हा त्याच्या ताटात काय वाढायचे, हे त्या घराला ठरवावे लागले. शेजारीपाजारी आणि चर्चमधील मंडळी हिच्या धर्माविषयी काय विचारतील आणि त्यांना काय उत्तर द्यायचे, हेही ठरवावे लागले असणारच. आपला धर्म श्रेष्ठ अशी श्रद्धा असूनही पाहुणीच्या श्रद्धेला हात लावायचा नाही, ही सर्वांत अवघड गोष्ट त्यांनी पाळली. पुढे महाविद्यालयाच्या वर्षांत आनंदीबाईंना राहायला मिळालेल्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. थंडी सोसायची की धूर, एवढाच पर्याय उरे. त्यांच्या प्रकृतीला जी कीड लागली तिला ही खोलीही कारण झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे नुसते छप्पर मिळणे आणि घर मिळणे यांत किती अंतर असते, हेही त्याच आयुष्यात दिसते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर नेमणूक केली. ते रुग्णालय म्हणजेच आज आपण सीपीआर म्हणतो ते. तिथे काम सुरू करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाने आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्या ठेवल्या. पाहुणी म्हणून आलेली मुलगी घराण्यातली झाली, ती अशी.

आता त्याच काळातील आपल्या घरांकडे वळू. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला कोल्हापुरात जेवायला आणि राहायला कोण देई? ब्राह्मण मुलाला ‘वार’ लावून घेता येत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरे. कोणी माधुकरी मागे. या प्रथेने शेकडो गरीब मुलांचे शिक्षण झाले, हे कबूल केले पाहिजे. पण वाराच्या घरी काय वाट्याला येई, तेही लोकांनी लिहून ठेवले आहे. पंगत उठल्यावर वाढणे, शिळे पुढे करणे, जेवणाच्या मोबदल्यात पाणी भरायला आणि बाजारहाट करायला लावणे, आणि एखाद्या दिवशी घरात कोणी नाही म्हणून मुलाने उपाशी शाळेत जाणे. ते अन्न दानाचे होते. दान घेणाऱ्याला आणखी एक पोळी मागता येत नाही.

आणि हे वारही एकाच जातीपुरते. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, महार, मांग यांच्या मुलांना वार लावायला घर नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिले. व्यवहारात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. त्यातून धडा घेऊन १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि मग जातवार वसतिगृहांची रांगच लागली. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात उभे राहिले म्हणजे त्यांतील काही इमारती आजही समोर दिसतात. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात आणि आपण ते अभिमानाने सांगतो. पण या बिरुदाची दुसरी बाजू कोणी बोलत नाही. गावातील घरे बंद होती म्हणून राजाला वसतिगृहे बांधावी लागली. घरांनी दारे उघडली असती तर त्या इमारतींतील निम्म्यांची तरी गरज पडली नसती.

वसतिगृहाच्या भिंतीही घराच्या भिंतींहून फार वेगळ्या नव्हत्या. कुंभोजचा भाऊराव पाटील हा मुलगा जैन बोर्डिंगात राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला, तिथे अस्पृश्यांत बसला, आणि परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करायला त्याने नकार दिला. त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने त्याची सोय लागली. पाहुणा म्हणून राहणाऱ्या मुलाने घराचे नियम पाळावेत, हा उपदेश त्यालाही झालाच असणार. त्याने तो मानला नाही, म्हणून महाराष्ट्राला कर्मवीर मिळाले. तेव्हा जुळवून घेणे हा प्रत्येक वेळी गुणच असतो असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले, त्याचा खरा अर्थ लक्ष्मीबाई पाटील यांच्याकडे पाहिल्यावर कळतो. लक्ष्मीबाई परंपरानिष्ठ जैन घरातील. सोवळेओवळे अंगवळणी पडलेल्या. त्यांच्या चुलीपाशी नवऱ्याने मराठा, महार, मांग, मुसलमान अशी सगळ्या जातींची पोरे आणून बसवली. त्यांना ते पहिल्याच दिवशी सोपे गेले असेल असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना जड गेले, आणि त्यांनी स्वतःला बदलले. मुलांची दुखणी काढली, त्यांना न्हाऊ-माखू घातले. वसतिगृहात धान्य उरले नाही तेव्हा अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडून मुलांना जेवू घातले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. मंगळसूत्राची कथा आपण सभांतून सांगतो, कारण त्यागाच्या कथेवर टाळ्या पडतात. मला त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. सोने मोडणे एका दिवसाचे काम असते. लहानपणापासून अंगात भिनलेला विटाळाचा धाक रोज सकाळी उठून, रोज प्रत्येक पंगतीला मोडत राहणे हे वर्षांचे काम असते. यजमान घराने जुळवून घेणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

हे सारे इतिहासातले झाले, आज असे काही उरलेले नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी माझ्याच घरची हकीगत सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण न सांगितल्यास हा लेख लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

काही वर्षांपूर्वी जर्मनीतून आलेली सतरा वर्षांची एक मुलगी आमच्या घरी चार महिने राहिली. पहिले पंधरा दिवस तिला कठीण गेले. तिखटाने डोळ्यांत पाणी येई, बादलीत पाणी घेऊन अंघोळ करणे जमत नसे, आणि दर अर्ध्या तासाने कोणी ना कोणी खोलीत डोकावून ‘काय करतेस?’ म्हणून विचारी, त्याचा तिला फार त्रास होई. एकटे बसलेले माणूस दुःखी आहे असे आपण समजतो. तिच्याकडे एकटे बसणे ही विश्रांती. जेवताना आम्ही आग्रह करू, ती ‘नको’ म्हणे, आम्ही तरीही वाढू, आणि मग पानात टाकलेले पाहून घरातल्यांना वाईट वाटे. हळूहळू ती अर्धी भाकरी आधीच मागून घ्यायला शिकली आणि आम्ही तिच्या ‘नको’चा अर्थ ‘नको’ असाच घ्यायला शिकलो. तिने स्वतःचे ताट स्वतः घासायला घेतले तेव्हा माझ्या पत्नीने ते तिच्या हातातून काढून घेतले. त्यावर ती खट्टू झाली. पाहुणी म्हणून किती दिवस ठेवणार, असे तिने विचारले. दुसऱ्या दिवसापासून तिला सकाळचा चहा करण्याचे काम मिळाले, आणि त्या दिवसापासून ती आमच्या घरात खऱ्या अर्थाने राहू लागली.

आणि त्या चहावरूनच प्रश्न निघाला. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो. त्यांचा चहाचा कप मोरीजवळच्या फळीवर वेगळा ठेवलेला असे. तो कोणी ठेवला, कधीपासून ठेवला, हे मला आठवत नाही. आईच्या वेळेपासून तो तिथे होता. त्या मुलीने सगळ्यांसाठी चहा केला आणि मावशींना आमच्यातलाच एक कप दिला. मावशींनी तो घेतला नाही. ‘ऱ्हाऊ द्या बाई, माझा कप हाय की तिथं,’ म्हणाल्या. संध्याकाळी मुलीने मला आपल्या मोडक्या मराठीत विचारले, ‘काका, मावशी म्हणजे आईची बहीण ना? मग आईच्या बहिणीचा कप बाहेर का?’

तीस वर्षे मी चळवळीत आहे. एक गाव एक पाणवठा मोहिमेच्या आठवणी वडीलधाऱ्या साथींकडून ऐकत वाढलो, जातिअंताच्या परिषदांतून ठराव मांडले. त्या मुलीला मी उत्तर दिले, ते असे : ‘सवय आहे.’ तिने पुढे काही विचारले नाही. पाहुण्याने किती विचारायचे याची तिला जाण होती. रात्री पत्नी म्हणाली, ‘तुम्ही सवय म्हणालात. तिच्या देशात शाळेतल्या मुलांना आजी-आजोबांच्या सवयींबद्दल प्रश्न विचारायला शिकवतात.’ दुसऱ्या दिवशी फळीवरचा कप आत आला. परंतु गोष्ट तिथे संपली नाही. मावशी पुढे कितीतरी दिवस तोच कप शोधून घेत राहिल्या. ‘वैनी, मला माझाच बरा,’ म्हणत. आम्ही आमची सवय एका दिवसात मोडली, कारण ती मोडण्यात आमचे काही जात नव्हते. त्यांना मात्र अशा पुष्कळ घरांत कामाला जायचे होते, आणि एका घरात उंबरा ओलांडला म्हणून दुसऱ्या घरात बोलणी खावी लागली तर ती त्यांनाच खावी लागणार होती. त्यांचे अवघडणे आम्हांला बरेच उशिरा समजले. मुलगी मायदेशी गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केव्हातरी मावशी आमच्यासोबत बसून चहा प्यायला लागल्या.

परदेशी मुलगी आली नसती तर तो कप अजून मोरीपाशीच असता, हे मला सर्वांत अधिक बोचते. मावशी स्वतः वर्षानुवर्षे रोज येत होत्या. त्यांनी प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यांच्या न विचारण्याला आम्ही संमती समजत होतो. गोऱ्या कातडीच्या पाहुणीसाठी आम्ही तिखट कमी केले, दारावर टकटक करून आत जायला शिकलो, रविवारी तिच्यासाठी पाव आणून ठेवू लागलो. म्हणजे बदलण्याची ताकद आमच्या घरात होती. ती कोणासाठी वापरायची, एवढाच प्रश्न होता. पन्हाळ्याच्या वाडीवरून किंवा मेळघाटातून शिकायला आलेल्या मुलासाठी आम्ही तेवढेच बदललो असतो काय?

कोल्हापुरात खोली शोधणाऱ्या मुलांना विचारा. शिवाजी विद्यापीठात, महाविद्यालयांत, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत शेकडो मुले-मुली बाहेरगावाहून येतात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचा खर्च मिळावा म्हणून राज्य सरकारने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. चांगली योजना आहे. तिच्या पैशांना होणाऱ्या विलंबाविरुद्ध लढावे लागते, ते लढलेच पाहिजे. पण हातात भाड्याचे पैसे असलेला मुलगा दारात उभा राहतो तेव्हा घरमालक पैसे मोजण्याआधी आडनाव विचारतो. आडनावावरून समजले नाही तर गाव विचारतो, गावावरून समजले नाही तर गल्ली विचारतो. मुसलमान मुलीला तर नाव सांगितल्याबरोबर ‘आत्ताच खोली गेली’ असे ऐकावे लागते. १९०१ साली वार न मिळणारा मुलगा आणि आज खोली न मिळणारा मुलगा यांच्या खिशातील पैशांत फरक पडला आहे. दाराच्या कडीत फारसा पडलेला नाही.

साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावले. ते दार उघडले. त्यानंतर त्यांनी आंतरभारतीचे स्वप्न मांडले : एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांतात जावे, तिथली भाषा शिकावी, तिथल्या माणसांत राहावे. त्या विचाराला मानणाऱ्यांनी पुढे मुलांची शिबिरे भरवली. एस. एन. सुब्बराव यांच्या बालमहोत्सवांत वेगवेगळ्या राज्यांतून आलेली मुले गावातील कुटुंबांत मुक्काम करीत. मंदिरापेक्षा स्वयंपाकघराचे दार अधिक जड असते, हे या माणसांनी ओळखले होते. देवळात माणूस क्षणभर जातो. घरात तो झोपतो, जेवतो, आजारी पडतो, रुसतो.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला आपल्याच साथींचा : राहण्याची सोय हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, ती शासनाने केली पाहिजे, घराघरांतील दयेवर ती सोडणे म्हणजे शासनाला जबाबदारीतून मोकळे करणे होय. मला हे पूर्णपणे मान्य आहे. वसतिगृहांची मागणी एक तसूभरही मागे घेता कामा नये. पण वसतिगृह मुलाला जागा देते, समाज बदलत नाही. जातवार वसतिगृहांतून शिकून मोठी झालेली पिढी पुन्हा आपापल्या जातीच्या गल्लीतच घरे बांधून राहिली, हे आपण पाहिले आहे. शासनाने करावयाचे काम शासनाकडून करून घेऊ. घराने करावयाचे काम शासन कधीच करू शकणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : दोन खोल्यांच्या सदनिकेत माणसे दाटीवाटीने राहतात, घरात वयात आलेल्या मुली आहेत, म्हातारी माणसे आहेत, परक्याला ठेवायचे कुठे? ही अडचण खरी आहे. म्हणून मी वर्षभराचा मुक्काम सुचवीत नाही. परीक्षेचे आठ-पंधरा दिवस, दवाखान्याच्या कामाने आलेल्या मुलीचे चार दिवस, दिवाळीत गावी जाता न येणाऱ्या मुलाचे तीन दिवस, एवढ्यापासून आरंभ करता येईल. लक्ष्मीबाईंचे घर काही वाड्यासारखे मोठे नव्हते.

मात्र जे करायचे ते वाराच्या रीतीने नको. त्यासाठी काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्या लागतील. येणाऱ्याला जात विचारू नये आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही तशी ताकीद द्यावी. ताट, कप, पाण्याचा तांब्या सगळ्यांचा तोच असावा, आणि पंगतही तीच. विद्यार्थ्याला घरातील एखादे काम द्यावे, पण घरच्या मुलाला जेवढे देतो तेवढेच. त्याच्या खाण्यापिण्याचे, उपासाचे, नमाजाचे, आंबेडकर जयंतीला उशिरा येण्याचे नियम त्याच्याशी बोलून ठरवावेत, त्याच्यावर लादू नयेत. दाराची किल्ली त्याच्या हाती द्यावी. किल्ली नसलेला माणूस कितीही दिवस राहिला तरी पाहुणाच असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, घराबाहेरील एक विश्वासाचे माणूस नेमलेले असावे, ज्याच्याकडे विद्यार्थ्याला, विशेषतः विद्यार्थिनीला, घराविरुद्ध तक्रार करता येईल. रोटरीच्या योजनेत यजमान कुटुंबातील नसलेला एक सल्लागार प्रत्येक मुलासाठी नेमलेला असतो आणि वर्षात घरेही बदलतात. ही शहाणपणाची व्यवस्था आहे, आणि ती उचलायला आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. सद्भावनेवर विसंबून माणसे एकमेकांच्या हवाली करणे धोक्याचे असते. चांगल्या माणसांच्या घरीही अन्याय होतो, हे मी कपाच्या गोष्टीत सांगितलेच आहे.

येणाऱ्या मुलांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, पण ते नेहमीच्या उपदेशाहून निराळे. घराची भाषा शिका, घराचे काम अंगावर घ्या, न समजलेले विचारा. पहिल्या महिन्यात रडू आले तर त्याची लाज बाळगू नका. ते सर्वांनाच येते, फक्त काही जण मोरीत नळ सोडून रडतात. आणि जिथे तुमच्या माणूसपणाला कमीपणा येतो तिथे जुळवून घेऊ नका. भाऊरावांनी अंघोळ केली नव्हती, हे विसरू नका.

आपल्या तालुका शाखांनी यंदा एक लहान काम हाती घ्यावे अशी माझी सूचना आहे. प्रत्येक शाखेने दहा घरांची यादी करावी. कार्यकर्त्यांनी पहिले नाव स्वतःचे घालावे आणि ते घालण्यापूर्वी घरातील स्त्रीला विचारावे, कारण चुलीचे आणि पांघरुणाचे ओझे बहुधा तिच्यावरच पडणार असते. तिची संमती नसताना दिलेली जागा म्हणजे तिच्या श्रमावर मिरवलेले पुरोगामित्व होय. तिने होकार दिला तर पुरुषाने भांडी घासायची तयारी ठेवावी. दहा घरे मिळाली नाहीत, दोनच मिळाली, तर दोनांची यादी प्रामाणिकपणे कार्यालयात लावावी. निदान आपण कुठे उभे आहोत ते आपल्याला समजेल.

सीपीआरच्या आवारात आज दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या मुली वैद्यक आणि परिचर्या शिकतात. ज्या रुग्णालयात आनंदीबाईंनी रुजू व्हायचे होते, तेच हे रुग्णालय. आनंदीबाईंना सातासमुद्रापलीकडे एका घराने मावशी दिली आणि त्यांच्या मृत्यूनंतरही त्यांची जागा राखून ठेवली. या मुलींपैकी एखादीला उद्या आठ दिवस घराची गरज पडली तर तिला आपल्या पक्षकार्यालयातील यादीत एक पत्ता सापडावा. माझ्या शाखेच्या यादीत आमच्या घराचा पत्ता मी लिहिला आहे. पत्नीची त्यावर सही आहे.